लोकसेवेच्या संस्था आणि त्यांची पूर्वयोजना

लोकसेवेचे कार्य हाती घेतलेल्या गृहस्थास 'आपली पुढील दहा वर्षांची योजना काय?' असे विचारले असता तो बहुधा मनातून किंचित दुखावतो, असा आमचा अनुभव आहे. सेवा ही अंतःकरणाची प्रेरणा आहे. तिचे अंदाजपत्रक कसले मांडावयाचे, अशी त्याची भावना असते. उलट पक्षी, दाते मंडळी आजकाल योजनेवाचून बोलत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले आहे. तेव्हापासून पोलाद व बियाणे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या जालना शहरातही संस्थाचालकांना ध्येय, उद्दिष्टे आणि अपेक्षित फलनिष्पत्ती यांचे तक्ते भरून द्यावे लागतात. तक्ता भरणारा तो भरतो, वाचणारा तो वाचतो, आणि संस्था पूर्वीप्रमाणेच चालू राहते.

या दोन्ही वृत्ती आम्हांस सारख्याच अपुऱ्या वाटतात. महाराष्ट्रातील संस्थांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, खऱ्या पूर्वयोजनेत कामांच्या यादीपेक्षा तीन प्रश्नांच्या आगाऊ उत्तरांस महत्त्व असते. सेवकाने स्वतःस कशाने बांधून घ्यावे? दात्याचे किती ऐकावे? आणि काम कोणाच्या हाती सोपवून आपण बाजूस व्हावे?

पहिल्या प्रश्नाचे उदाहरण पुण्याचे आहे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, बळवंतराव टिळक व माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच गोपाळराव आगरकर व वामन शिवराम आपटे हे त्यांस येऊन मिळाले. १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर निवर्तले. ज्याच्या तेजाभोवती मंडळी जमली, तो पुरुष दोन वर्षांतच गेला, आणि तरीही शाळा मोडली नाही. उलट १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले. याचे श्रेय त्या तरुणांच्या उत्साहास आहेच. परंतु आजीव सभासदाने २० वर्षे अल्प वेतनावर सेवा करावी, हा जो करार त्यांनी आपणहून स्वीकारला, त्यासही ते तितकेच आहे.

मात्र या करारात एक जागा संदिग्ध राहिली होती. आजीव सभासदाने आपला उरलेला वेळ संस्थेबाहेरील कामात किंवा अर्थार्जनात घालवावा की नाही? टिळकांनी जेसुइट पंथाच्या व्रताचा दाखला देऊन सर्वस्वी त्यागाचा आग्रह धरला. आगरकरांसारख्या मंडळीस हा नियम अव्यवहार्य वाटे. संस्था दरिद्री होती तोवर हा मतभेद निद्रिस्त राहिला; चार पैसे येऊ लागताच तो जागा झाला. १८९० साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा वाद विकोपास गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. कोणाची बाजू खरी, हा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. दोघेही निःस्वार्थ होते, आणि निःस्वार्थ माणसांचे भांडण तर अधिकच कठीण असते. कारण तडजोडीस देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नसते. जो नियम दारिद्र्यात लिहून ठेवावयाचा राहतो तो संपन्नतेत लिहिता येत नाही, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे. गोखल्यांनी तो घेतला असावा. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करताना त्यांनी सभासदाच्या ७ प्रतिज्ञा प्रथमच लिहून ठेवल्या आणि उमेदवारीचा काळ ५ वर्षांचा ठरविला.

दुसरा प्रश्न दात्याचा. अण्णासाहेब कर्वे हे त्याच फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. त्यांच्या कार्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली कार्यकर्ते तयार करण्यासाठी निष्काम कर्ममठ, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. आश्रम हिंगण्यास गेल्यावर पुण्याहून रोज पायी तेथे जाणाऱ्या या गृहस्थाने विद्यापीठाचे स्वप्न प्रथमदिनी पाहिले नव्हते. परंतु एक पायरी पक्की झाल्यावाचून त्यांनी दुसरीवर पाय ठेवला नाही. मग १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी आली. देणगीबरोबर अटीही आल्या. विद्यापीठास दात्याच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले, आणि पुढे १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले.

अण्णासाहेबांनी या अटी मानल्या. पुण्याच्या पुष्कळ अभिमान्यांस ते रुचले नसेल. परंतु त्यांनी काय दिले आणि काय राखले, ते पाहावे. नाव दिले, गाव दिले. स्त्रियांस मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मूळ उद्देश मात्र राखला. ज्याने आपला गाभा आधी ओळखून ठेवला आहे, त्यासच टरफल उदार हाताने सोडता येते. ज्या संस्थेने तो ओळखलेला नाही तिचे कार्य दरवर्षी दात्यागणिक बदलते. एके वर्षी ती वृक्ष लावते, दुसऱ्या वर्षी संगणक वाटते, आणि तिसऱ्या वर्षी काय करावे याची वाट पाहत बसते.

तिसऱ्या प्रश्नाकरिता आम्ही आमच्याच जिल्ह्याकडे वळतो. जालना हा जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी त्याचा बराच भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. निजामी अमलात, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, मराठवाड्यात सभा भरविण्यासही सरकारी परवानगी लागे. त्यामुळे पुण्याप्रमाणे संस्थांची परंपरा येथे लवकर रुजली नाही. शिवाय मुलूख अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील वृद्धांच्या बोलण्यात अजून येते.

जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने १९९६ साली तेथे पाणलोटाचे काम आरंभिले. निधी भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचा होता व तो नाबार्ड या बँकेमार्फत येत असे. हा कार्यक्रम उभा करण्यात हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. योगायोग असा की ते जेसुइट होते. टिळकांनी ज्या पंथाचे उदाहरण दिले होते त्याच पंथाचे.

या कार्यक्रमाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. गावाने प्रथम लहानशा क्षेत्रावर काम करून दाखवावे. ते जमले तरच उर्वरित कामास पैसा मिळावा. मजुरीचा काही भाग गावाने श्रमदानाने सोसावा. झाडे तोडू नयेत, मोकाट गुरे चारू नयेत. काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे, म्हणजे आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढ्यावरील बांध. यातील शेवटची वस्तू लोकांस सर्वांत प्रिय असते, कारण तीत पाणी डोळ्यांस दिसते. परंतु माथा मोकळा ठेवून पायथ्याशी बांध घातला तर तो गाळाने भरून जातो. व्यवहार पाहण्यास गावसभेने निवडलेली समिती असावी, आणि पुढील डागडुजीसाठी गावाचा स्वतःचा निधी असावा. थोडक्यात, संस्था कोणत्या दिवशी गावातून निघणार, हे ती गावात येण्यापूर्वीच ठरलेले होते. कडवंचीत द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२-१३ च्या कडक दुष्काळातही त्या तगल्या तेव्हा दूरदूरचे लोक ते गाव पाहण्यास येऊ लागले.

येथे गोष्ट संपविली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. द्राक्षांच्या मागोमाग कडवंचीत शेततळीही आली, आणि ती शेकड्यांनी आली. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर तो साठा होय. पण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडते त्याप्रमाणे विहिरीचे पाणी उपसून ते भरले, तर सर्वांच्या भूगर्भातील पाणी एकाच्या प्लास्टिकच्या अस्तरात जाऊन बसते, आणि त्यातील काही उन्हाने उडूनही जाते. पाणी अडविण्याची योजना होती. अडविलेले पाणी वाटून घेण्याचा नियम करणे हे त्याहून अवघड काम आहे, आणि ते बाहेरच्या संस्थेस करता येणार नाही. ते गावाच्या समितीनेच करावयाचे आहे. ती समिती पैसा संपल्यावरही बसते काय, तिची वही लिहिली जाते काय, यावरच १९९६ च्या योजनेची परीक्षा ठरणार आहे.

तात्पर्य, योजना म्हणजे भविष्याचे भाकीत नव्हे. चिपळूणकरांचा मृत्यू, ठाकरसींची देणगी, कडवंचीची शेततळी यांपैकी एकही गोष्ट कोणास आधी दिसली नव्हती. पुढे काय येईल हे कळत नाही म्हणूनच काही गोष्टी आधी लिहून ठेवाव्या लागतात. जी मंडळी आज आमच्या जिल्ह्यात ग्रंथालय, वसतिगृह किंवा गोरगरिबांचा दवाखाना काढू पाहत आहेत, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. दात्याचा तक्ता अवश्य भरावा. परंतु त्याआधी, तिजोरी रिकामी आणि मने एक आहेत तोवर, पहिल्या सभेच्या इतिवृत्तात वरील तीन प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत लिहावी आणि सर्वांनी त्याखाली सह्या कराव्या.