दिनविशेष : १ नोव्हेंबर

१९९६ : अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा भारतातील पहिला जाहीर कार्यक्रम झाला. आयोजक होती राज ठाकरे यांची शिव उद्योग सेना, व्यवस्था 'विझक्राफ्ट' कंपनीची. शिवसेना-भाजप युती सरकारने करमणूक कर माफ केला. त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती माफी रद्द करून फेरविचार करायला सांगितले, आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने तीन कोटींहून अधिक कर पुन्हा माफ केला. एका रात्रीच्या गाण्याचा हिशेब पाव शतक चालला! कार्यक्रमाचा पैसा बेरोजगार मराठी तरुणांसाठी होता, असा युक्तिवाद होतो. हेतूबद्दल वाद नको. पण मदत द्यायचीच, तर ती अर्थसंकल्पातून, विधिमंडळासमोर द्यावी. करमाफीत रक्कम तिजोरीत येतच नाही, म्हणून तिचा जाबही सहसा कोणी विचारत नाही. गावच्या जत्रेत तमाशाची सुपारी वर्गणीतून दिली जाते, आणि पै-पैचा हिशेब पंचांना गावापुढे मांडावा लागतो. करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत विरला, तरी मोठ्या मैफलींना मैदान, बंदोबस्त, जादा लोकल लागतातच. त्यांचे दर आणि सवलती तिकीटविक्रीआधी जाहीर व्हायला काय हरकत आहे?