नापास तबकड्या : हेलहॅमर, डार्कथ्रोन आणि मतांचा इतिहास

कलाकृतींचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात. त्यांच्याविषयीच्या मतांचे इतिहास त्या मानाने कमी. एखादी कृती आली त्या वर्षी लोक काय म्हणाले, दहा वर्षांनी काय म्हणू लागले आणि मधल्या काळात कोणाचा कान बदलला, हे तपासायचे तर साधने लागतात. ‘एक्स्ट्रीम मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताबाबत अशी साधने विपुल आहेत, कारण त्याच्या श्रोत्यांनी ऐकण्याइतकेच लिहिण्याचेही काम केले. रॉक संगीताच्या या टोकाच्या शाखेत गिटारच्या तारा सैल करून स्वर खाली ओढलेला असतो, ढोल कधी अतिवेगाने तर कधी मुद्दाम रेंगाळत वाजतो आणि गायक गाण्याऐवजी गुरगुरतो किंवा किंचाळतो. विषय मृत्यू, सैतान, युद्ध. यात चांगले-वाईट कसे ठरवायचे, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आतल्यांनाही तो पडला होता आणि त्याचे उत्तर त्यांनी दोनदा बदलले.

आरंभ इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’ या त्रिकुटापासून करावा लागतो. १९८१ साली त्यांचा ‘वेलकम टू हेल’ हा अल्बम ‘नीट’ या स्थानिक कंपनीने काढला. ध्वनिमुद्रण कच्चे, वादन ओबडधोबड. ‘साउंड्स’ या साप्ताहिकात जेफ बार्टन यांनी ध्वनिमुद्रणाची थट्टा केली आणि तरीही अल्बमला डोक्यावर घेतले. हे परीक्षण म्हणजे पुढच्या सगळ्या वादाचे बीज होय. वादनकौशल्य आणि स्वच्छ ध्वनी ही प्रचलित मापे लावली तर कृती नापास होते. पण ऐकणाऱ्यावर तिचा परिणाम होतोच. मग चूक कृतीची की मापाची?

हा प्रश्न सर्वांत कठोरपणे स्वित्झर्लंडमधल्या ‘हेलहॅमर’ला सोसावा लागला. झुरिकजवळच्या न्यूरेन्सडॉर्फ या गावातील टॉम गॅब्रिएल फिशर या तरुणाने ‘वॉरियर’ हे नाव घेऊन हा संच उभा केला. पुढे मार्टिन एरिक एन त्याला येऊन मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी घरगुती कॅसेटी काढल्या आणि मार्च १९८४ मध्ये बर्लिनच्या ‘नॉइज’ कंपनीने ‘अपॉकॅलिप्टिक रेड्स’ ही चार गाण्यांची तबकडी प्रसिद्ध केली. ‘मेटल फोर्सेस’ या इंग्रजी नियतकालिकाने हेलहॅमरची जी निर्भर्त्सना केली, तिचा उल्लेख फिशर पुढे अनेक वर्षे करत राहिले. ‘यांना वाजवता येत नाही’ हा आरोप सर्वत्र होता, आणि तो खोटाही नव्हता. मे १९८४ अखेर संच मोडला. त्याच दोघांनी ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ हा नवा संच काढून वर्षअखेरीस ‘मॉर्बिड टेल्स’ दिला, तेव्हा हेलहॅमर हे नाव त्यांनाच ओझे वाटत होते.

पुढची गोष्ट मात्र उलटी आहे. त्या नापास तबकडीतला जड, रेंगाळणारा, अनगड आवाज दहा वर्षांच्या आत अनेक देशांतल्या संचांनी जाणूनबुजून गिरवला. २००८ मध्ये जुन्या कॅसेटी ‘डीमन एन्ट्रेल्स’ या नावाने एकत्र निघाल्या. फिशर यांनी हेलहॅमरवर जाडजूड सचित्र ग्रंथ लिहिला. २०१९ पासून तर तीच गाणी ते ‘ट्रायम्फ ऑफ डेथ’ या संचासह रंगमंचावर सादर करू लागले. ज्या नावाची लाज वाटत होती त्याचे तिकीट विकले जाऊ लागले.

काळ सगळ्यांनाच न्याय देतो, असा निष्कर्ष यातून काढू नये. सेल्टिक फ्रॉस्टने १९८८ मध्ये केस फुलवून, चटकदार होऊन ‘कोल्ड लेक’ हा अल्बम काढला. श्रोत्यांनी तो धिक्कारला, पुढे खुद्द फिशर यांनीही नाकारला, आणि त्यानंतरच्या काळात त्या निकालात म्हणावा असा फरक पडलेला नाही. तेव्हा निकाल फिरतात ते काळ लोटल्यामुळे नव्हे. कोणीतरी नवे माप तयार करावे लागते.

हे माप घडले टपालात. ऐंशीच्या दशकात या संगीताचे श्रोते गावोगाव एकेकटे विखुरलेले होते. ते एकमेकांना पत्रे लिहीत, कॅसेटवर अल्बम भरून पाठवत आणि बदल्यात दुसरे मागवत. टपालखर्च वाचवण्यासाठी तिकिटांवर डिंक किंवा साबण फासला जाई, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चिकटवता येई. या जाळ्याच्या गाठी म्हणजे ‘फॅन्झिन’. आपल्याकडे साठच्या दशकात चक्रमुद्रित लघुअनियतकालिके निघाली. तशीच टंकलिखित, कात्रणे चिकटवून छायाप्रत काढलेली, पदरमोड करून चालवलेली ही प्रकाशने होती. नॉर्वेच्या सार्प्सबोर्ग शहरातून योन क्रिस्टियान्सेन १९८५ पासून ‘स्लेयर’ काढत; तिचे अंक पुढे एका मोठ्या ग्रंथात संकलित झाले.

या फॅन्झिनांतली परीक्षणे साहित्यगुणांसाठी वाचावीत अशी नव्हेत. चार-सहा ओळी, अतोनात स्तुती किंवा शिव्या. परंतु कॅसेटच्या परीक्षणाखाली बहुधा त्या संचाचा टपालाचा पत्ता आणि कॅसेटची किंमत छापलेली असे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. परीक्षकाचे मत पटले नाही तर वाचकाने चार पैसे पाठवून कॅसेट मागवावी आणि स्वतः ठरवावे. मताबरोबर मत तपासण्याचे साधन देणारी टीका अन्यत्र क्वचितच आढळते.

माझा आणखी एक तर्क आहे. कॅसेटची प्रत, तिची प्रत, तिचीही प्रत होत गेली की आवाज विरत जातो आणि खरखर वाढते. हे संगीत पुष्कळांनी तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरच प्रथम ऐकले. ज्या खरखरीला समीक्षक दोष मानत, ती या श्रोत्यांच्या कानात संगीताचाच भाग होऊन बसली असावी. ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहरातील ‘सार्कोफागो’चा १९८७ मधील ‘आय.एन.आर.आय.’ हा अत्यंत कच्चा अल्बम नॉर्वेतल्या तरुणांना वंदनीय वाटला, तो अशा तयार झालेल्या कानांमुळे.

त्या तरुणांपैकीच ऑस्लोजवळच्या कोल्बॉट्नचा संच ‘डार्कथ्रोन’. १९९१ च्या आरंभी ‘पीसव्हिल’ या इंग्रजी कंपनीने त्यांचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ काढला. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत मुद्रित झालेला हा अल्बम वादनात गुंतागुंतीचा होता. जुन्या मापाने पहिल्या वर्गात बसणारा. त्याच वर्षी त्यांनी दुसरा अल्बम मुद्रित करून कंपनीकडे धाडला तो ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’. गिटारचा आवाज पातळ, वाऱ्यासारखा सूं सूं करणारा. कौशल्याचे प्रदर्शन टाकून दिलेले. कंपनीला आवाज कमकुवत वाटला, पुन्हा मिश्रण करावे असे सुचवले गेले. संचाने नकार दिला आणि हाच अल्बम ऑस्लोच्या ‘डेथलाइक सायलेन्स’कडून काढण्याची धमकी दिली. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो जसाच्या तसा निघाला. हेलहॅमरला जे येत नव्हते, ते डार्कथ्रोनला येत असूनही त्यांनी सोडून दिले, हा फरक ध्यानात घ्यावा. नवे माप इथे पूर्ण झाले. २०२० मध्ये ऑस्लोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या सांस्कृतिक इतिहासाच्या कायमस्वरूपी प्रदर्शनात या अल्बमला जागा दिली.

इथे लेख संपवता आला असता तर ती उपेक्षितांच्या विजयाची गोड कथा झाली असती. पण १९९२ ते १९९४ ही नॉर्वेतली वर्षे गोड नव्हती. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फान्टॉफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले. आणखी चर्चेस जळाली. ‘डेथलाइक सायलेन्स’ चालवणारा ‘मेहेम’चा गिटारवादक ओइस्टाइन ओर्सेथ याचा १० ऑगस्ट १९९३ रोजी खून झाला. खुनी वार्ग विकर्नेस हा त्याच वर्तुळातला संगीतकार होता.

फेब्रुवारी १९९४ मध्ये डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ आला. घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलेला, संमोहित करणाऱ्या एकसुरीपणाचा हा अल्बम या शैलीत सर्वाधिक अनुकरण झालेल्यांपैकी एक आहे. त्यातल्या चार गाण्यांचे शब्द विकर्नेसचे होते. मलपृष्ठावर नॉर्वेजियन ‘आर्य’ संगीत अशी घोषणा होती. शिवाय संचाने दिलेल्या प्रसिद्धी निवेदनात, हा अल्बम टीकेच्या पलीकडचा आहे आणि टीका करू धजणाऱ्याचे वर्तन उघडच ज्यूंसारखे समजावे, अशा आशयाचे वाक्य होते. गदारोळ झाला. पीसव्हिलने जाहीर खुलासा केला, संचाने माफी मागितली, पुढच्या आवृत्त्यांवरून घोषणा गेली आणि १९९५ च्या ‘पांझरफाउस्ट’वर आपण नाझी किंवा राजकीय संच नसल्याचे छापावे लागले.

अनेक चाहते हा प्रसंग पोरकटपणा म्हणून बाजूला सारतात आणि ‘संगीतापुरते बोला’ म्हणतात. मला ते मान्य नाही. एका समाजाला शिवीसारखे वापरणे हा त्या वाक्यातला पहिला आणि मोठा अपराध. दुसरा अपराध खुद्द या संगीताच्या परंपरेविरुद्धचा. हेलहॅमर वाचले ते टीकेपासून संरक्षण मिळाल्यामुळे नव्हे. त्यांच्यावरचे निकाल कोणालाही कॅसेट मागवून तपासता येत होते, वाद घालता येत होता, म्हणून. ज्या श्रोत्यांनी ‘साहेबांचे मत अंतिम नाही’ म्हणत स्वतःचा कान घडवला, त्यांनाच १९९४ मध्ये सांगितले गेले की आता मत असणेच गुन्हा आहे. बंडखोरांचे माप दहा वर्षांत सोवळे झाले होते.

म्हणून ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’वर आज कोणी लिहिणार असेल, तर त्याच्या संगीताचा प्रभाव आणि त्याच्यासोबत आलेले ते वाक्य, या दोन्ही नोंदी एकाच परिच्छेदात याव्यात. एकीसाठी दुसरी खोडण्याची गरज नाही. अल्बम ऐकण्याजोगा आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी सगळे बोलले पाहिजे.