सडा, धूर आणि पाण्याचा थेंब

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या स्तनातली गाठ काढली. टाके सुकत आले तेव्हा रिपोर्ट आला: कडेला आजार शिल्लक आहे, पुन्हा ऑपरेशन. गटातून दुसरं कर्ज काढावं लागलं. ताईंनी विचारलं, "डॉक्टरांना तेव्हाच कसं दिसलं नाही?" त्याचं उत्तर शोधताना मला एका यंत्राचा इतिहास सापडला.

यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. कणांचं वजन करणारा काटाच म्हणा. आपण धान्य उपणतो तेव्हा हलकं भूस लांब जातं, जड दाणा पायाशी पडतो. इथे वाऱ्याचं काम वीज आणि चुंबक करतात. कणांना विद्युतभार दिला की हलका कण जास्त वळतो, जड कमी. केंब्रिजला फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली असं यंत्र बांधून निऑन वायूत २० आणि २२ वजनाचे अणू वेगळे दाखवले. १९२२ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण हा काटा फार सोवळ्यातला! आतली हवा काढून टाकायची, नमुना विरघळवून, गाळून, शुद्ध करून द्यायचा. ऑपरेशनच्या टेबलाजवळ त्याचं काय काम?

सोवळं सुटलं २००४ साली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स आणि हंगेरीहून आलेले झोल्तान ताकाच यांनी विद्युतभारित द्रवाचे बारीक तुषार उघड्यावरच्या वस्तूवर मारले. अंगणात सडा घालताना धूळ थेंबांबरोबर पायावर उडते ना, तसे वस्तूवरचे कण उडून यंत्राच्या नळीत शिरले. ॲलर्जीची गोळी घेतलेल्या माणसाच्या बोटाच्या कातडीवरही ते औषध सापडलं. नमुना तयार करणं नाही, वाट बघणं नाही.

पुढे ताकाच लंडनला गेले. ऑपरेशनमध्ये विजेच्या चाकूनं कापताना धूर होतो, तो आजवर नुसता ओढून बाहेर टाकत. फोडणी करपली की आपल्याला बाहेरच्या खोलीतही कळतं, आणि इथे धुराकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं! ताकाच यांनी तो यंत्रात सोडला. २०१३ साली रुग्णांच्या ऑपरेशनमध्ये यंत्रानं तीन सेकंदांच्या आत दिलेलं उत्तर नंतरच्या लॅबच्या रिपोर्टशी जुळलं.

धूर हवा तर कापणं आलंच. कुक्स यांच्या विद्यार्थिनी, मूळच्या ब्राझीलच्या लिव्हिया एबरलिन यांनी २०१७ साली टेक्सासमध्ये पेन बनवलं. साध्या पाण्याचा थेंब तीन सेकंद मांसावर टेकवायचा आणि ओढून यंत्रात न्यायचा. दहा सेकंदांत उत्तर, जखम नाही. स्तन, फुफ्फुस, थायरॉईड, अंडाशय यांचे २५३ नमुने तपासले, शंभरात शहाण्णवहून जास्त उत्तरं बरोबर आली.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं, की कडेला उरलेल्या मोजक्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागत नाहीत. तुकडा गोठवून लगेच तपासण्याची सोय काही मोठ्या दवाखान्यांत असते, पण तिलाही अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो आणि तोवर पेशंट भुलीखाली असते.

हे सगळं ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं दुसरं कर्ज वाचलं असतं." वाचलं असतं, कदाचित. पेनही शंभरात तीन-चार वेळा चुकलंच, त्यामुळे पेन वापरलं तरी काढलेला तुकडा लॅबमध्ये जातोच.