पाठीवरचा प्रवास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची कल्पना होती. मी दक्षिण अमेरिकेवर बोलतो म्हणालो, तेव्हा ते थोडे चपापले. त्यांचे चपापणे रास्तच होते. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात, आणि तेही संध्याकाळी युनियनची कचेरी बंद केल्यावर. दक्षिण अमेरिका मी पाहिलेली नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी दोन मित्र त्या खंडातल्या अरण्यांतून आणि पर्वतावरच्या शहरांतून हिंडले, त्यांची हकीगत वाचताना मला माझ्या हमाल बांधवांची आठवण पानोपानी होत राहिली. म्हणून हे धाडस.

त्या दोघांपैकी एक अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. जन्म १७६९, बर्लिन. घरचा श्रीमंत, सरदार घराण्यातला. शास्त्रज्ञ म्हणून त्याचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. पण तरुणपणी तो प्रशियाच्या सरकारी खाणींवर अधिकारी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. खाणीत उतरणाऱ्या माणसांना आपण काय खणतो आणि कशाने मरतो हे कळत नाही, हे पाहून त्याने १७९३ साली श्टेबेन ह्या गावी खाणकामगारांसाठी मोफत शाळा काढली. विषारी हवेत तग धरील असा दिवा आणि श्वास घेण्याचे एक साधन त्याने तयार केले. त्या दिव्याची परीक्षा त्याने स्वतः खाणीत उतरून केली आणि बेशुद्ध पडला. लोकांनी ओढून बाहेर काढला म्हणून वाचला. स्वतः खाली उतरून पाहणारा अधिकारी मला माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा भेटला, म्हणून हा माणूस मला पहिल्यापासूनच आवडला.

दुसरा एमे बाँप्लां, फ्रेंच, वैद्य आणि वनस्पतींचा जाणकार. पॅरिसमध्ये १७९८ साली दोघांची गाठ पडली आणि मैत्री जमली. आईच्या मृत्यूनंतर हम्बोल्टच्या हाती वारसा आला होता. तो पैसा त्याने ह्या प्रवासात घातला. स्पेनच्या राजाचा परवाना मिळवून दोघे ५ जून १७९९ रोजी निघाले आणि १६ जुलैला आजच्या व्हेनेझुएलातल्या कुमाना बंदरात उतरले.

कुमानात त्यांनी घर घेतले ते मोठ्या चौकावर. त्याच चौकात गुलामांचा बाजार भरे. आफ्रिकेतून आणलेली पंधरा ते वीस वर्षांची मुले तिथे उभी करीत. कातडी तुकतुकीत दिसावी म्हणून त्यांच्या अंगाला रोज सकाळी खोबरेल चोळीत. गिऱ्हाईक येई आणि बैलाचे दात पाहावेत तसे माणसाचे तोंड उघडून दात पाही. दोघे मित्र आले होते झाडे, तारे आणि नद्या पाहायला. पण पहिल्याच मुक्कामी खिडकीतून दिसले ते हे. हम्बोल्टने ते पुढे साठ वर्षे विसरले नाही.

१८०० च्या मार्चअखेर ते आपुरे नदीवरून ओरिनोकोच्या अरण्यात शिरले. एका झाडाचा बुंधा कोरून केलेली लांबट, अरुंद होडी. मागच्या बाजूला पानांचे छप्पर. त्यात ही माणसे, यंत्रे, वनस्पतींचे गठ्ठे, पुढेपुढे पिंजऱ्यांतली माकडे आणि पोपटही. पुढच्या बाजूला उघड्या अंगाचे आदिवासी दोनदोनच्या रांगेत बसून वल्ही मारीत. आतुरेस आणि मायपुरेस इथल्या धबधब्यांशी पाणी खडकांवरून फेसाळत उतरते. तिथे ह्याच माणसांनी होडी वर ओढून काढली. असे पंचाहत्तर दिवस, सव्वादोन हजार किलोमीटर. ओरिनोको आणि ॲमेझॉन ह्या दोन महानद्यांची खोरी कासिक्यारे नावाच्या प्रवाहाने एकमेकांना जोडलेली आहेत, ही तिथल्या वल्हेकऱ्यांना आणि मिशनऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ह्या प्रवासाने नकाशावर पक्की झाली. श्रेय कोणाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

ह्याच प्रवासात ६ एप्रिलला एक प्रसंग घडला. शीड उभारलेले असताना वाऱ्याचा झोत आला, होडी कलंडली आणि हम्बोल्ट लिहीत बसला होता त्या मेजावरून पाणी वाहू लागले. नदीत मगरी, काठ दूर, आणि हम्बोल्टला पोहता येत नव्हते. बाँप्लां झोपेतून उठला, शांतपणे म्हणाला की तुला पाठीवर घेऊन मी पोहत काठाला नेतो. तेवढ्यात शिडाचा दोर तुटला आणि होडी सावरली. सर्वांनी भोपळ्याच्या तुंब्यांनी पाणी उपसले. पाठ द्यावी लागली नाही. पण द्यायची तयारी होती, ह्यालाच आपण मैत्री म्हणतो.

आता गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. परतीच्या वाटेवर आतारुइपे नावाची एक गुहा लागली. नष्ट झालेल्या एका जमातीची ती स्मशानभूमी होती. बरोबरच्या आदिवासींना मनातून दुःख होत असताना ह्या दोघांनी तिथल्या कवट्या आणि सांगाडे उचलले. ज्याला गुलामाचे दुःख दिसले, त्याच माणसाला विज्ञानाच्या ओढीत हे दुःख दिसूनही थांबावेसे वाटले नाही. ती हाडे पुढे युरोपला जाताना आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून समुद्राला मिळाली.

मध्यंतरी क्यूबाला जाऊन ते १८०१ साली पुन्हा दक्षिण अमेरिकेत आले आणि माग्दालेना नदीने वर चढत बोगोटाला पोचले. तिथून कीटोला जाताना अँडीज पर्वताची किंदिओ खिंड त्यांच्या वाटेवर होती. दाट, निर्मनुष्य अरण्य; चांगल्या ऋतूतही दहाबारा दिवसांची वाट; पूर आला तर अडकून पडू म्हणून महिन्याची शिदोरी बरोबर घ्यायची. पैसेवाले लोक ही वाट चालत नसत. माणसाच्या पाठीला खुर्ची बांधीत आणि तीत बसून जात. अशा माणसाला तिथे कार्गेरो म्हणत, म्हणजे ओझेकरी. आपण जसे घोड्यावरून गेलो म्हणतो, तसे तिथले लोक कार्गेरोवरून गेलो म्हणत. आपल्याकडे भोई होते, डोलीवाले होते. पण तिथे पालखीचा दांडाही मध्ये नव्हता. पाठीवर सरळ माणूसच.

हम्बोल्ट आणि बाँप्लां त्या खुर्चीत बसले नाहीत. सामान बारा बैलांवर लादून ते ऑक्टोबरच्या पावसात चालत निघाले. चिखलात बूट फाटले, तेव्हा अनवाणी चालले. पलीकडच्या कार्तागो गावी पोचले तेव्हा पाय रक्तबंबाळ झाले होते.

ह्या कार्गेरोंविषयी हम्बोल्टने जे नोंदविले आहे, ते मी तीनदा वाचले. नेहमीचे ओझे पाऊणशे ते अठ्ठ्याऐंशी किलो. आपल्याकडे शंभर किलोचे पोते पन्नासचे व्हावे म्हणून किती वर्षे भांडावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या आकड्याचे वजन सांगायला नको. ओझ्याच्या जनावराप्रमाणे त्यांच्या पाठी सोलवटत. वाटेत आजारी पडला तर प्रवासी त्याला अरण्यात टाकूनही जात. पंधरा दिवसांच्या, कधी महिन्याच्या खेपेला मजुरी बारा ते चौदा पियास्टर. आणि तरीही डोंगरपायथ्याचे धट्टेकट्टे तरुण हौसेने ह्याच कामावर येत. हम्बोल्टला त्याचे नवल वाटले. शहरातल्या एकसुरी चाकरीपेक्षा रानातले स्वातंत्र्य त्यांना बरे वाटत असावे, असे त्याने अनुमान केले.

ह्यापुढची नोंद अधिक महत्त्वाची आहे. त्याच मुलखात नारे ते आंतिओकिया ही दुसरी एक वाट खेचरे जातील अशी रुंद करण्याचा बेत झाला होता. तेव्हा कार्गेरोंनी सरकारकडे रीतसर तक्रार नेली, की रस्ता करू नका. आणि सरकारने ते ऐकले. सरकारने दुबळेपणा दाखविला, असा हम्बोल्टचा अभिप्राय आहे.

इथे मी पुस्तक मिटले. काही वर्षांपूर्वी एका बाजारपेठेत व्यापाऱ्यांनी माल चढविण्यासाठी पट्ट्याचे यंत्र आणायचे ठरविले. आमचे हमाल अर्ज घेऊन आले, की हे यंत्र येऊ देऊ नका. अर्जावर पहिला अंगठा होता तो टोळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या हमालाचा. त्याची पाठ इतकी वाकली होती, की बोलताना त्याला मान वर करावी लागे. मी म्हणालो, "बाबा, ह्या पाठीचे हाल संपावेत म्हणून तर आपली युनियन." तो म्हणाला, "अण्णा, हाल संपतील ते खरं. पर चूल कशावर पेटंल?"

कार्गेरोंना स्वातंत्र्याची आवड असेलही. पण शहाण्या माणसाला जे नवल वाटले, त्याचे उत्तर ह्या एका प्रश्नात आहे. हम्बोल्टला त्यांची सोललेली पाठ दिसली; मात्र रस्ता झाल्यावर पाठ मोकळी होईल आणि पोटही मोकळे राहील, हे त्याच्या अभिप्रायात येत नाही. तो चांगला माणूस होता. पण चालणे पसंत करायला त्याच्याकडे वारसा होता. माझे म्हणणे असे नाही की रस्ता होऊ नये. रस्ता व्हावा, यंत्र यावे. परंतु रस्त्याच्या आखणीतच, पाठीवरचे ओझे उतरलेल्या माणसाने उद्या काय करायचे, हेही आखलेले असावे. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याने हमालाची नोंदणी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी आणला. त्यामागचे तत्त्व हेच, की ओझे वाहणारा हा कोणाच्याच वहीत नसलेला माणूस राहू नये. आम्ही त्या बाजारात आठ महिने भांडलो. यंत्र आले, आणि ते चालविण्याचे काम टोळीतल्याच काहींना मिळाले. तो म्हातारा मात्र त्यात बसला नाही. यश सांगताना मी हे वगळीत नाही, कारण वगळण्याचीच गोष्ट आता सांगायची आहे.

कीटोला १८०२ च्या जानेवारीत ते पोचले. तिथे कार्लोस माँतुफार नावाचा तरुण तिसरा मित्र म्हणून बरोबर आला. २३ जूनला त्यांनी चिम्बोराझो चढायला घेतला. त्या शिखराची उंची ६२६३ मीटर, आणि त्या काळी ते जगात सर्वांत उंच समजले जाई. बर्फाच्या कडेला आल्यावर ओझेकरी थांबले. पुढे हे तीन मित्र आणि जवळच्या सान हुआन गावचा एक मिश्रवंशीय माणूस असे चौघे गेले. त्यांच्या मोजणीप्रमाणे ते ५९०० मीटरांच्या आसपास पोचले. मोठी घळ आडवी आली म्हणून परतले. तिघांची नावे जगाला माहीत आहेत. चौथ्याचे गाव नोंदलेले आहे, नाव नाही.

लिमा, मेक्सिको करून १८०४ साली हम्बोल्ट आणि बाँप्लां युरोपला परतले. प्रवासाच्या ग्रंथांवर हम्बोल्टने दोघांचीही नावे घातली. क्यूबावरच्या ग्रंथात, १८२६ साली, त्याने गुलामगिरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तीस वर्षांनी, १८५६ मध्ये, न्यूयॉर्कला त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्यात नेमके तेवढे प्रकरण गाळलेले होते. हम्बोल्ट तेव्हा शहाऐंशी वर्षांचा होता. त्याने वर्तमानपत्रात जाहीर निषेध केला, की माझ्या सगळ्या खगोलीय आणि चुंबकीय मोजमापांपेक्षा ह्या प्रकरणाला मी अधिक महत्त्व देतो. पुढच्या वर्षी प्रशियात कायदा झाला, की त्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम मुक्त होईल. त्यामागे त्याची खटपट होती. कुमानाच्या खिडकीतून पाहिलेले सत्तावन्न वर्षांनी असे फळाला आले. त्याला हिंदुस्थानात येऊन हिमालय पाहायचा होता. ईस्ट इंडिया कंपनीने परवाना कधीच दिला नाही. वसाहतींविषयी त्याने काय लिहिले ते पाहिले, म्हणजे कारणाचा तर्क करता येतो.

मित्रांचे काय झाले? माँतुफार स्वातंत्र्ययुद्धात लढला. १८१६ साली स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या. बाँप्लां पुन्हा दक्षिण अमेरिकेत गेला. १८२१ साली पराग्वेच्या हुकूमशहाने त्याला पकडून नेले आणि कित्येक वर्षे अडकवून ठेवले. हम्बोल्टने त्याच्या सुटकेसाठी पत्रांमागून पत्रे लिहिली. नदीत पाठ देऊ केलेल्या मित्राच्या पाठीशी तो उभा राहिला.

बंधुभगिनींनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण मित्रमंडळींबरोबर डोंगरावर, तीर्थाला जातील. परत आल्यावर आपण काय पाहिले ते सांगतो. ते जरूर सांगावे. त्याबरोबर आपले सामान कोणी वाहिले, त्याचे नाव काय, आणि त्याला काय मिळाले, एवढेही सांगावे. ते प्रकरण गाळू नये, इतकेच मला म्हणायचे होते.