बाईची भूमिका आणि गाणाऱ्याचा गळा

आज बोलायचं आहे नाटकातल्या गात्या आवाजाबद्दल. नायिकेचं गाणं कुणी गायचं, राजाचं कुणी गायचं आणि हे ठरवतं कोण, याचा थोडा इतिहास सांगणार आहे. कुणी म्हणेल, आमच्या बचत गटाच्या हप्त्याशी याचा काय संबंध? हप्त्याशी काही नाही. पण भजनी मंडळात बसून घसा बसलेल्या बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्यांच्याशी नक्की आहे. तिथपर्यंत मी शेवटी येईन.

आधी जरा लांब जाऊ. युरोपात गाण्याचं एक नाटक असतं, त्याला ऑपेरा म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी इटली देशात ते सुरू झालं. त्यात बोलणं कमी, जवळजवळ सगळं गाऊनच सांगायचं. तिथे गाण्याचा प्रत्येक सूर संगीतकार कागदावर लिहून ठेवतो आणि तो सूर सहसा हलत नाही. गाणं जितकं उंच लिहिलं, तितक्या उंच गाणाराच शोधून आणायचा. त्यामुळे तिथे आवाजांच्या जाती पडल्या. बाईचा सगळ्यात उंच आवाज म्हणजे सोप्रानो, मधला मेझो, खालचा काँट्राल्टो. पुरुषाचा उंच आवाज टेनर, मधला बॅरिटोन, आणि विहिरीतून आल्यासारखा खोल तो बास. मग भूमिकाही त्याप्रमाणे वाटल्या गेल्या. प्रेमात पडलेली नायिका बहुधा सोप्रानो, तिचा नायक टेनर, बाप किंवा खलनायक बॅरिटोन, म्हातारा राजा किंवा पुजारी बास. नायिकेची सवत, दाई, जादूगारीण ही कामं मेझोला. नियम मोडणारेही निघाले. बिझे नावाच्या संगीतकाराने 1875 साली कार्मेन नावाचा ऑपेरा आणला. त्यातली नायिका सिगारेटच्या कारखान्यात काम करणारी, कुणाला न जुमानणारी बाई. तिला त्याने मधला, जाडसर आवाज दिला. आपल्या भागातल्या विडी वळणाऱ्या बायांना ही कार्मेन ओळखीची वाटेल.

पण याच ऑपेरात एक काळी गोष्टही आहे. रोममध्ये आणि पोपच्या राज्यात बाईने रंगमंचावर उभं राहायला बंदी होती. मग बाईचे उंच सूर गाणार कोण? गोड गळ्याच्या लहान मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांचा कंठ कधी फुटूच देत नसत. ती मुलं मोठी होत, छाती पुरुषाची होई आणि आवाज मात्र उंचच राही. फारिनेली नावाचा असा एक गायक अठराव्या शतकात राजेरजवाड्यांत गाजला. त्याच्यासारखे काही थोडे मोठे झाले. बाकीच्या कितीतरी पोरांचं आयुष्य त्या एका हट्टापायी गेलं. बाईला गाऊ द्यायचं नाही, पण बाईचा सूर तर पाहिजे, असा तो हट्ट होता.

आता आपल्या मराठी मुलुखात या. आपल्याकडे गाण्याच्या नाटकाला संगीत नाटक म्हणतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तेव्हापासून या नाटकाचा मोठा काळ सुरू झाला. दोन वर्षांनी, 1882 मध्ये, 'संगीत सौभद्र' आलं. त्यात सुभद्रा व्हायचे भाऊराव कोल्हटकर. लोक त्यांना लाडाने भावड्या म्हणत. त्या काळात माईक नव्हता, भोंगा नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत सूर पोचवायचा तो निव्वळ छातीच्या बळावर. भाऊरावांचा आवाज तसा होता, चढा आणि लांब जाणारा.

शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, पुढची शारदाही पुरुष. केशवराव भोसले तर लहान मुलगा असतानाच 'शारदा' नाटकातली शारदा करून नावारूपाला आले. कंपन्यांत अशी गोड गळ्याची पोरं ठेवत. कंठ फुटला की बहुतेकांचं काम जायचं. ज्यांचा गळा त्यानंतरही टिकला, ते पुढे नायक झाले. केशवराव तसे झाले, आणि दीनानाथ मंगेशकरही. लता आणि आशा या ज्यांच्या मुली, त्या दीनानाथांनी तरुणपणी 'भावबंधन' नाटकात लतिका या मुलीची भूमिका गाजवली होती.

आणि बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचं खरं नाव. जन्म 1888 चा. 1905 साली शकुंतला म्हणून उभे राहिले, मग 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू. त्यांच्या साड्या, अंबाडा, गजरा पाहून मोठ्या घरच्या बायका तसं नेसू-माळू लागल्या. बाईने कसं नेसावं, कसं लाजावं, हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला हे फार मजेचंही वाटतं आणि थोडं टोचतंही. गाणं मात्र खोटं नव्हतं. बाईची नक्कल करून चिरका आवाज काढायचा, असं बालगंधर्व करत नसत. स्वतःच्या मऊ, सुरेल गळ्यानेच गात. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा उस्ताद.

1921 च्या जुलैत मुंबईत एक खास खेळ झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केलं. भामिनी झाले बालगंधर्व, आणि तिचा नायक धैर्यधर झाले केशवराव भोसले. आता गंमत बघा. केशवरावांचा आवाज चढा, धारदार, आणि गंधर्वांचा मुलायम. म्हणजे बाईपेक्षा गड्याचाच सूर टोकदार! ऑपेरात असं सहसा कुणी चालवून घेतलं नसतं. आपल्याकडे लोकांनी डोक्यावर घेतलं. ते का चाललं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या गाण्यात सूर कागदाला बांधलेला नसतो. 'सा' कुठे धरायचा ते गाणाऱ्याचा गळा ठरवतो. पेटीवाला विचारतो, कुठली पट्टी? गाणारा सांगतो, काळी एक, किंवा पांढरी दोन, किंवा काळी चार. तेच पद, तीच चाल, फक्त सगळं गाणं वर किंवा खाली सरकतं. पुरुष साधारण काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास गातात, बाया काळी चार ते काळी पाचच्या आसपास. काळी एकचा 'सा' धरला तर त्याचा 'प' येतो काळी चारवर. म्हणजे पुरुषाचा जो पंचम, तोच साधारणपणे बाईचा षड्ज. एवढं अंतर आहे, पण ते पेटीवर हाताच्या चार बोटांत मावतं.

म्हणून आपल्या नाटकात सुभद्रेचं पद भाऊरावांनी गायलं काय आणि एखाद्या बाईने गायलं काय, पदाला काही धाड भरत नव्हती. आवाजाची अडचण नव्हतीच. ऑपेरावाल्यांना निदान उंच सुरांचं कारण तरी देता येत होतं. आपल्याकडे अडवलं ते निव्वळ रूढीने. चांगल्या घरची बाई रंगमंचावर येत नाही, आणि जी येते ती चांगल्या घरची नाही, असा तो पेच होता. गाणं खरोखर ज्यांच्या घरात होतं त्या कलावंत घराण्यांतल्या बायांचं गाणं लोकांना हवं असे, त्यांचं नाव मात्र घ्यायला नको असे. त्यांच्यातल्याच हिराबाई पेडणेकर गायिका होत्या, शिवाय त्यांनी 'संगीत दामिनी' हे नाटक लिहिलं आणि ते 1912 साली रंगमंचावर आलं. मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककार म्हणून आज त्यांना मान देतात.

बाया अगदी गप्प बसल्या होत्या असंही नाही. सगळ्या बायकाच असलेल्या नाटक मंडळ्या निघाल्या होत्या. तिथे उलटा कारभार. मिशा लावून नायकही बाईच व्हायची. कमलाबाई गोखले यांनी अशी पुरुषांची कामं केली. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात त्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत दोघी होत्या. भारतीय पडद्यावर आलेल्या या पहिल्या बाया. ऑपेरातही बाईने मुलग्याचं काम करायची रीत आहे. मोझार्टच्या 1786 सालच्या एका ऑपेरातला चेरुबिनो नावाचा वयात येणारा पोरगा आजही बाईच गाते. तिथे त्याची हौस आहे. आपल्याकडच्या बायका-मंडळ्यांची मात्र त्या काळात चेष्टाच जास्त झाली. पुरुषाने लुगडं नेसलं तर ती कला, बाईने धोतर नेसलं तर तो तमाशा, असा न्याय.

दार उघडायला 1929 साल उजाडलं. हिराबाई बडोदेकर, उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलगी, यांनी भावंडांना घेऊन स्वतःची नाटक मंडळी काढली. त्यात बाईचं काम बाई आणि पुरुषाचं काम पुरुष. हिराबाईंचा गळा शांत, सुरेल. सुभद्रा त्या स्वतः गायच्या. पण लोकांच्या कानात गंधर्वांची सुभद्रा बसलेली. बाई असून तिला पुरुषाने घालून दिलेल्या मापाने मोजलं जात होतं. त्यातच 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि नाटकाचा प्रेक्षक सिनेमाकडे वळू लागला. हिराबाईंची मंडळी फार वर्षं टिकली नाही. त्या मैफलीकडे वळल्या आणि तिथे मोठ्या झाल्या. पण पायंडा पडला. 1 जुलै 1933 ला मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' झालं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक होत्या. ज्योत्स्नाबाईंनी पुढे 1942 मध्ये 'कुलवधू'मधली भानुमती अशी गायली की ती भूमिका पुरुषाने करावी, असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

आणखी एक बाई. गोहरबाई कर्नाटकी. त्या बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकून त्यांच्यासारखं गायला शिकल्या होत्या. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्या गंधर्व कंपनीत आल्या आणि नायिका झाल्या, तेव्हा गंधर्व स्वतः पुरुषाच्या भूमिकेत त्यांच्यासमोर उभे राहू लागले. पुरुषाने गायलेलं बाईचं गाणं, ते ऐकून शिकलेली बाई, आणि तिच्यासमोर तोच पुरुष. गंधर्वांच्या चाहत्यांना हे रुचलं नाही. सगळा राग निघाला तो गोहरबाईंवर. गंधर्वांवर फारच थोडा. असंच होतं.

आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे पाहा. धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते, आणि रात्री नाटक. दंडारीत आणि खडी गंमतीत गडीच लुगडं नेसायचा. नाच्या म्हणायचे त्याला, आणि चांगल्या नाच्याचं नाव पंचक्रोशीत असायचं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना जो पेच होता तोच आपल्या धानाच्या बांधावर होता. आता झाडीपट्टीच्या नाटकात बाईचं काम बाई करते, जिवंत वाद्यांवर गाते, आणि रात्रभर माणसं थंडीत चादरी गुंडाळून ऐकतात. त्या कलाकार बाया एका गावचा प्रयोग संपवून गाडीत बसतात आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्याच गावी उभ्या राहतात. त्यांच्याबद्दल गावात कोण काय बोलतं, ते तुम्हीही ऐकलं असेल. लुगडं नेसणाऱ्या गड्याबद्दल तसं कुणी बोललं नव्हतं.

आता भजनी मंडळाकडे येते. नाकाडोंगरी असो, गोबरवाही असो की चिखला खाणीची वस्ती, पेटी बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या हातात असते आणि ती त्याच्या पट्टीत लागते. काळी एकला. मग बायांनी काय करायचं? खाली गावं तर आवाज खर्जात बुडतो, ऐकूच येत नाही. वर गावं तर तार सप्तकात किंचाळावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी घसा बसतो. मग ती बाई म्हणते, माझा आवाजच चांगला नाही. आवाज बरा असतो, पट्टी दुसऱ्याची असते.

आपली पट्टी शोधायला शाळा लागत नाही. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटातली पहिली ती काळी एक, दुसरी काळी दोन. तीनच्या गटात काळी तीन, चार आणि पाच. म्हणजे तीनमधली मधली ती काळी चार. तिला 'सा' धरून सावकाश वरच्या 'सा'पर्यंत जा. मान ताणावी लागली, शिरा फुगल्या, तर एक पट्टी खाली या. पांढरी पाच, मग काळी तीन. आणि खाली येताना मंद्र सप्तकातल्या पंचमापर्यंत सूर ऐकू येतो का ते पाहा. येत नसेल तर एक पट्टी वर जा. दोन्ही टोकं आरामात जमली की ती तुमची पट्टी. वयानुसार ती खाली उतरते, त्यात बिघडलं काही नाही. मंडळात दहाजणी असतील तर दहाजणींची मिळून मधली एक काढा.

मग पुढच्या एकादशीला भजन सुरू व्हायच्या आधी पेटीवाल्याला सांगा, दादा, आज काळी चार धरा. त्याला दोन मिनिटं बोटं चाचपडावी लागतील, कारण त्याची सवय काळी एकची आहे. तेवढी दोन मिनिटं थांबा.