राक्षसाचा खेळ आणि घरचें पान

आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहांटे कोंकणांत घरोघर एका राक्षसाचा वध होतो. दापोलीच्या पश्चिमेस, समुद्रकांठीं नारळी-पोफळींच्या वाड्यांत वसलेलें मुरुड घ्या, किंवा दक्षिणेकडे वेंगुर्ल्यापर्यंतचें कोणतेंही गांव घ्या. क्रम बहुधा एकच. अभ्यंगस्नान झालें कीं मुलें तुळशीवृंदावनापाशीं येतात. कारीट नांवाचें एक लहानसें, कडूजहर फळ डाव्या पायाच्या आंगठ्याखालीं फोडावयाचें, त्याचा रस जिभेस लावावयाचा, आणि तोंड वांकडें करीत फराळाच्या पानावर येऊन बसावयाचें. कारीट म्हणजे नरकासुर. त्याचा कडूपणा जिभेवर असतांनाच पोह्यांचा पहिला घांस घ्यावयाचा असतो. राक्षस पाहावा, मारावा आणि मग त्या प्रसंगास शोभेल असेंच जेवावें, हा बेत इतका जुना आहे कीं तो कोणी योजला असेल असें मनांतही येत नाहीं.

अक्राळविक्राळ प्राण्यांचे चित्रपट घरीं बसून पाहावे आणि त्या रात्रीचा स्वयंपाकही त्यांना साजेसा करावा, ही हौस पाश्चात्त्य कुटुंबांत आढळते. १९३३ सालीं ‘किंग काँग’ चित्रपटगृहांत आला, तेव्हां तो पाहण्यास घर सोडून जावें लागे. १९५७ सालीं अमेरिकेंत जुन्या भयपटांचा एक मोठा संच दूरचित्रवाणीवर दिसूं लागला, आणि राक्षस व जेवणाचें ताट हीं दोन्ही एका छपराखालीं आलीं. यांतील नवी गोष्ट एवढीच, कीं राक्षस यंत्रांतून आला. कोंकणांत तो अंगणांतून येत असे.

गोमंतकांत हा खेळ विशेष भरांत येतो. बांबू, गवत व रंगीत कागद यांचा प्रचंड नरकासुर उभारून रात्रीं मिरवितात आणि उजाडण्यापूर्वीं जाळतात. डोळे चोळीत घरीं परतावें तों पोह्यांचे प्रकार मांडलेले असतात: दूध-गुळाचे, ताकांतले, नारळाच्या रसांतले, तिखट फोडणीचे, बटाटे घातलेले. मग आप्तांकडे व शेजाऱ्यांकडे जाऊन प्रत्येक घरीं थोडेथोडे खावयाचे. रत्नागिरीकडे दडपे पोहेही आवडीचे आहेत. पातळ पोह्यांवर नारळाचें पाणी शिंपडून, ओलें खोबरें घालून ते दडपून ठेवितात, म्हणून हें नांव. त्या दिवशीं आणखी एक जण पायाखालीं दडपला जातो, हा केवळ योगायोग.

परंतु या दिवशीं पोहेच कां? पुराणिक सुदाम्याच्या पुरचुंडीकडे बोट दाखवितात. नरकासुरास मारणारा कृष्ण आणि मित्राचे मूठभर पोहे आवडीनें खाणाराही कृष्णच, तेव्हां जोडणी नीट बसते. तरीही खरें कारण शेतांत शोधावें हें बरें. आश्विनांत हळवें भात कापून घरांत येऊं लागतें. तें भिजवून, भाजून, गरम आहे तोंच उखळांत कांडलें कीं पोहे तयार होतात, आणि पुढें त्यांस चुलीवर फारसें शिजविण्याची गरज पडत नाहीं. पावसाळाभर जुन्या तांदळाच्या कणग्या तळास गेलेल्या असत; अशा घरांत नव्या धान्याचा तो पहिला घमघमाट असे. नरकासुराच्या बंदींतून सोळा सहस्र एकशें स्त्रिया सुटल्या अशी कथा आहे. शेतकऱ्याच्या घरीं त्याच वेळीं तुटीचे दिवस संपत.

राक्षस व स्वयंपाक यांचें नातें महाभारतानें तर उघडच सांगितलें आहे. एकचक्रा नगरींत बकासुरास गाडाभर अन्न, दोन रेडे आणि तें घेऊन येणारा मनुष्य असा नेम ठरलेला होता. पाळी ज्या घरावर येई, त्या घरच्या चुलीवर राक्षसाचें जेवण शिजे! भीम तें गाडें घेऊन गेला आणि बकासुराच्या देखत स्वतःच जेवावयास बसला. राक्षसाचा संताप आपल्या वधाच्या भीतीनें नव्हे, ताट गेल्यामुळें आहे, हें कीर्तनकारांनीं अचूक हेरलें. म्हणून या आख्यानांत हंशा पिकतो. मराठींत खादाडास आजही बकासुरच म्हणतात.

फाल्गुनांत दुसरी जोडी जमते. लहान मुलांस छळणाऱ्या ढुंढा राक्षसीस आरडाओरड्यानें व अग्नीनें पिटाळलें, अशी होळीची एक कथा आहे. आणि त्याच दिवशीं घरीं पुरण शिजतें. शिमग्यांत रत्नागिरी जिल्ह्याच्या गांवांतून संकासुर हिंडतो. काळा वेष, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेस घुंगरांचा पट्टा. तो वेद चोरणारा शंखासुर खरा, पण दारांत आला म्हणजे लहान मुलें आईच्या पदराआड दडतात आणि मोठीं माणसें त्यास नमस्कार करितात. भयाचें असें हंसरें रूप क्वचितच पाहावयास मिळतें.

मराठी माणसानें चित्रपट काढला, तेव्हां हीच मंडळी पडद्यावर आली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं झळकला. १९१७ च्या ‘लंकादहना’त रावणाची नगरी जळाली, १९१९ च्या ‘कालियामर्दना’त महासर्प आला. रामाचें दर्शन होतांच प्रेक्षक जोडे काढीत, असें सांगतात. या इतिहासांत एक भाग मात्र घाईनें उरकला जातो. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळीं सगळ्या मंडळींचें जेवणखाण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्यावर होतें. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकावा, फिल्मच्या पट्टीस भोंकें पाडावीं, रसायनें मिसळावीं, आणि उन्हाचा प्रकाश परतविण्यासाठीं पांढरी चादर धरून उभें राहावें, इतकीं कामें त्या बाईंनीं केलीं. ‘लंकादहना’त राम व सीता या दोन्ही भूमिका ज्यांनीं केल्या, ते अण्णा साळुंके मुंबईच्या एका उपाहारगृहांत आचारी होते. तेव्हां भारतीय चित्रपटाचा जन्म चुलीच्या किती जवळ झाला, हें निराळें सांगावयास नको.

खेळ पाहणारे आणि त्या दिवसाचें अन्न रांधणारे हे मात्र नेहमीं एकच नव्हते. जुन्या कोंकणांत ब्राह्मणघरचा सोंवळ्याचा स्वयंपाक पुष्कळदां घरांतील विधवेकडे असे. केशवपन झालेली, अलवण नेसलेली ती बाई पहांटेपूर्वीं उठून नरकासुराच्या वधाचें फराळ मांडी. ओवाळणें, अत्तर, सुवासिनींची पंगत यांत मात्र तिला स्थान नसे. सोळा सहस्र बंदिवान स्त्रियांची कथा ज्या घरांत वाचली जाई, त्याच घरांत एक बंदिवान चुलीपुढें बसलेली असे.

मुरुडास ही गोष्ट अधिक जवळून ठाऊक आहे. धोंडो केशव कर्वे याच गांवचे. १८९३ सालीं त्यांनीं देवरुखकडील गोदूबाई या बालविधवेशीं पुनर्विवाह केला. मुरुडच्या समाजानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या काळीं बहिष्कार म्हणजे मुख्यतः ताटाचा प्रश्न असे: पंगतींत कोण बसेल, कोणाच्या हातचें पाणी चालेल, पाहुणा म्हणून कोणास घरांत घ्यावें. बकासुरास गाडाभर अन्न पोंचतें करणाऱ्या कथेचे श्रोते आपल्याच गांवच्या मुलास पान मांडण्यास तयार नव्हते. पुढें १८९६ सालीं कर्व्यांनीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला, १९५८ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. गोदूबाई, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, यांनीं आपली हकीकत ‘माझें पुराण’ या पुस्तकांत सांगितली आहे.

जानेवारी १९८७ मध्यें रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालें, आणि राक्षस पुन्हां घरांत आला, या वेळीं माजघरांतील पेटींतून. त्या वेळीं रस्ते ओस पडत. नऊच्या आंत पोहे उरकून, चूल किंवा स्टोव्ह विझवून, घरांतील बायका पदरास हात पुसत पुरुषांबरोबर येऊन बसत. कुंभकर्णास उठविण्याचा प्रसंग सुरू झाला, त्याच्यापुढें अन्नाचे ढीग येऊं लागले, म्हणजे एखादी म्हातारी हंसून विचारी, ‘एवढें रांधलें तरी कोणीं?’