जॉबरचे राज्य आणि गिरणी कामगारांचा रोष

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगाराचे नशीब मालकापेक्षा जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे. भरती, रजा, चांगला साचा (माग), बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर येणाऱ्याला, कायम करणे, सारे त्याच्या मर्जीवर चाले आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे. जॉबर पुष्कळदा गाववालाच, अडीनडीला उसने देणारा; त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे जड जाई.

सर्वांत उघड अन्याय साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, होता. तिथे मजुरी जास्त, पण दलितांना प्रवेश नाही. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची सबब पुढे येई. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. समतेची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना तो आधी सुचू नये, हे नवलच.

१९३१मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढण्याची शिफारस केली. १९३५मध्ये बदलीवाल्यांची नेमणूक जॉबरच्या मर्जीवर राहू नये म्हणून बदली नियंत्रण योजना आली. जॉबरचा दरारा ओसरला, मोडला मात्र नाही. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच प्रातिनिधिक संघटनेला मान्यता मिळू लागली, इतर संघटनांना वाटाघाटीत जागा उरली नाही, आणि नाराजीला नवे कारण सापडले. ही नाराजी पुढे उफाळली: १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली, म्हणजे मुंबईच्या गिरणी वस्तीतली, अनेक कुटुंबे स्वस्त घरांसाठी नालासोपारा-विरारकडे सरकली.